फ्रीजच्या दारावर शद्दाय

३ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीने ही कोरी डायरी माझ्यापुढे आपटली आणि म्हणाली, "वन्सं, दिवसभरात काय काय झालं ते आता हिला सांगत जा. माझे कान किटले." ठीक आहे. ही डायरी मधेच उठून गॅस बंद करायला जात नाही, म्हणजे वहिनीपेक्षा बरीच.

तर आज काम आलं. खरं काम, ब्रशचं! दुकानात पुढे दादाचं मशीन दिवसभर बोर्ड छापून ओकत असतं आणि मागे पडद्याआड मी, माझे डबे आणि माझे ब्रश. हाताने रंगवून घेणारं गिऱ्हाईक महिन्याला एखादं येतं, तेही चुकून. आजचे गृहस्थ मात्र मुद्दाम आले होते. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. बेकरीच्या पलीकडच्या प्रार्थनागृहात ते मुलांना जुना धर्मग्रंथ शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. प्रार्थनागृहाची डागडुजी झालीय. आतल्या लांब भिंतीवर त्यांना देवाची हिब्रू नावं हवीत, आणि प्रत्येक नावाखाली आपल्या भाषेत अर्थ.

दादा म्हणाला, "तासाभरात छापून देतो. ओलं फडकं फिरवलं की चकाचक."

"छापलेलं नको," मास्तर म्हणाले. "कोणीतरी थांबून थांबून लिहिलेलं हवं."

दादाने अंगठा मागे दाखवला. "मग ती आहे की आमची. थांबण्यात तिचा हात कोणी धरणार नाही."

मी तिथल्या तिथे बाहेर आले आणि किती नावं ते विचारलं. बारा. उद्घाटन पंधरा मार्चला, रविवारी. सतराला मास्तर मुलीकडे चालले, कायमचे, लांबच्या शहरात. इथे आता त्यांचं कोणी नाही, डोळ्यांदेखत भिंत पुरी व्हावी एवढीच इच्छा आहे म्हणाले. मी म्हटलं, "बारा नावं म्हणजे बारा दिवस. तुम्ही निर्धास्त राहा." एकावन्न वर्षांच्या आयुष्यात मी एकही काम उशिरा दिलेलं नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शोभा झाली माझी.

मास्तरांनी कागदावर अक्षरं काढून दिली होती. काल दिवसभर खपून मी बारा देवांचे बारा नमुने केले. सैन्यांचा देव आहे, त्याला लाल. उंचावरच्याला आभाळी. बरं करणाऱ्याला औषधाच्या दुकानाचा हिरवा. आणि पाटीवर थोरल्या भागीदाराचं नाव मोठं आणि धाकट्यांची बारीक घालायची ही आमच्या धंद्यातली रीत, म्हणून मी सरळ विचारलं, "मास्तर, ह्या बारा जणांत थोरला कोण?"

मास्तर खाली बसले. हसू दाबताना त्यांची दाढी थरथरते.

"बाई, बारा जण नाहीत हो. एकच आहे."

"मग एकाला बारा नावं कशाला?"

"तुम्हाला घरीदारी काय काय म्हणतात?"

मी मोजलं. दादा 'ए बाई' म्हणतो, वहिनी वन्सं, भाचा आत्या, गिऱ्हाईकं पेंटरबाई. बेकरीवाला पाठीमागे ब्रशबाई म्हणतो आणि मेल्याला वाटतं मला ऐकू येत नाही.

"म्हणून तुम्ही पाच जणी झालात का?" मास्तर म्हणाले. "हाक मारणारा जसा अडलेला असतो तशी त्याची हाक. आजारी माणूस एक नाव घेतो, लढाईत उभा असलेला दुसरं घेतो."

पहिलं नाव एलोहिम. रूप अनेकांचं आणि काम एकाचं, असं ते म्हणतात. ग्रंथाच्या पहिल्याच ओळीत ह्या नावाने जग निर्माण झालं. बळाचा धनी, न्याय करणारा. मी म्हटलं, आमचा दादा एकटा असून 'आम्ही ठरवलंय' म्हणतो तसंच ना? मास्तर म्हणाले, अगदी तसंच नाही. पण हसले. बाराही नमुने बाद. सगळी नावं आता एकाच गडद निळ्यात.

९ फेब्रुवारी, सोमवार

भिंत बघून जीव हरखला! बावीस फूट लांब, समोर चार खिडक्या, बाकं एका कडेला चादरीखाली. लांबी म्हणजे पुट्टी भरून, घासून, प्रायमर मारून आज दोरा मारला. दोऱ्याला खडू लावून ताणायचा आणि मधे धरून सोडायचा, की भिंतीवर सटकन सरळ रेघ. मास्तरांना ते इतकं आवडलं की पाच रेघा त्यांनीच मारल्या. दोन नको तिथे मारल्या. दाढीभर खडू.

अडचण एकच. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि माझा हात तीस वर्षं उलटा चाललाय. म्हणून घरी सराव चालू आहे, मिळेल त्या गुळगुळीत जागेवर. फ्रीजचं दार तर स्वर्ग आहे, ब्रश नुसता घसरतो. तिथे शद्दाय लिहिलं. न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेवर एलोहिम. दादाच्या स्कूटरच्या मडगार्डवर एल एल्योन, म्हणजे सर्वांहून उंच. सकाळी तारपिनाचं फडकं फिरवायचं आणि पुन्हा लिहायचं. वहिनी कुरकुरतेय, पण पुसलं जातंय म्हणून गप्प आहे.

दोन दिवस डोकं हलकं हलकं झालंय, पायाखाली जमीन नसल्यासारखं. तारपिनाचा वास डोक्यात जातोय बहुतेक. गंमत म्हणजे घरी तेच तारपीन वापरते तेव्हा काही होत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घोटाळा! महाघोटाळा!

आज मी भिंतीवर पहिलं नाव पेन्सिलने आखलं, जरा तिरकं वाटलं म्हणून खोडरबर काढलं. मास्तर शिडीखालून असे ओरडले की मी रबरासकट खाली यायची राहिले.

तर त्यांच्याकडे असं आहे की ह्यांतली बरीचशी नावं एकदा लिहिली की पुसायची नाहीत. खोडायची नाहीत, फाडायची नाहीत, कचऱ्यात टाकायची नाहीत. पुस्तक फाटलं तरी ती पानं जपून ठेवायची आणि जीर्ण झाली की माणसाला पुरतात तशी मानाने पुरायची. मास्तरांच्या घरी एक खोली त्यासाठीच आहे, गावातली सगळी फाटकी पानं तिथे येतात. लिहिणारेसुद्धा नावाशी आले की आधी थांबतात, कोणाचं नाव लिहितोय ते मनात धरतात, आणि मगच हात उचलतात. सराव करायचा तर एखादं अक्षर बदलून करतात.

"हे तुम्हाला आधी सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं.

"मला वाटलं तुम्ही इथेच लिहाल फक्त. का? दुसरीकडे कुठे लिहिलंय?"

मी सांगितलं. फ्रीज ऐकला तेव्हा मास्तरांनी मान हलवली. मडगार्ड ऐकलं तेव्हा डोळे मिटले. न्हाणीघर म्हटल्यावर शिडीचा दांडा धरला.

"आणि किती पुसलीत?"

"चाळीसेक."

मास्तर शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, जुन्या जाणत्यांनी ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेत, वस्तूच्या मुठीवर नाव असलं तर तेवढा तुकडा कापून ठेवा म्हणणारेही आहेत. ते ग्रंथ उघडून बघतील. तोवर आहे त्याला हात लावायचा नाही.

मी रडायला हवं होतं. घरी येईपर्यंत हसत होते. वेडच लागलंय मला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनी म्हणाली, "फ्रीजचं दार कापायचं? बिनदाराचा फ्रीज म्हणजे कपाटच की हो!" न्हाणीघराच्या काचेवर तिने टॉवेल टांगलाय आणि आत दिवसाही दिवा लावावा लागतोय. दादा मडगार्डवर कापड बांधून हिंडतोय, आणि चिखलातून न्यायची नाही म्हणून स्कूटर निम्मा रस्ता हातानेच ढकलतोय. मला बघून दात खातोय. देवाधर्माचं आहे म्हणून बोलता येत नाही, एवढंच.

शुक्रवार म्हणून काम दुपारी थांबलं. उद्या शनिवार, त्यांचा विसाव्याचा दिवस, प्रार्थनागृहात ब्रश उचलायचा नाही. शनिवार इतका लांबलचक असतो हे मला माहीत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बारा दिवस केव्हाच झाले. पण ह्यात माझी चूक नाही हे इथे स्पष्ट करते. नावं झपाट्याने होताहेत, कारण तिथे एकदाच लिहायचं. थांबायचं, मनात धरायचं, लिहायचं. घोळ आहे तो अर्थांचा. अर्थ आपल्या भाषेत असल्याने ते पुसता येतात, आणि तिथेच मास्तर अडून बसतात.

आता शद्दाय घ्या. सोमवारी म्हणाले, 'सर्वशक्तिमान' लिहा. लिहिलं. मंगळवारी म्हणाले, नको, फार सरकारी वाटतं. कोणी म्हणतात ह्या शब्दात डोंगर आहे, कोणी म्हणतात आईची छाती आहे, म्हणजे पोसणारा. पुसलं. 'पोसणारा' लिहिलं. आज म्हणाले, जुने लोक असंही सांगतात की जग निर्माण होताना पसरतच चाललं होतं, थांबेना, तेव्हा ज्याने म्हटलं 'पुरे!' तो शद्दाय. मला हे भयंकर आवडलं. कुठे पुरे म्हणायचं ते ज्याला कळतं तोच खरा पेंटर. नाहीतर माणूस रंगाच्या हातावर हात मारत बसतो आणि पाटीचा चिखल होतो.

मास्तर म्हणाले, "मग 'पुरे म्हणणारा' लिहायचं?"

मी म्हटलं, "घाई कशाला? उद्या ठरवू."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज चार अक्षरांचं नाव. सगळ्यांत मोठं तेच, आणि ते मास्तर उच्चारत नाहीत. ग्रंथात तिथे आले की त्याच्या जागी दुसरा शब्द वाचतात, 'माझा स्वामी' असा. अर्थ विचारला तर म्हणाले, झुडूप पेटलं होतं आणि जळत नव्हतं, त्यातून उत्तर आलं होतं: मी जो असेन तो असेन. मी म्हटलं, हे काय उत्तर झालं? दादाला घरी कधी येणार विचारलं की तोही असंच सांगतो.

मात्र नाव न घेणं मला लगेच कळलं. वहिनीने तीस वर्षांत दादाचं नाव घेतलेलं नाही, 'अहो' आणि 'हे' ह्यांवर संसार केला. घरी जाऊन तिला तेच सांगत होते. म्हटलं, "हे म्हणतात, जे फार जवळचं असतं त्याचं नाव तोंडात येत नाही."

वहिनी पोळ्या लाटायची थांबली. "हे? हे कोण?"

"मास्तर! दुसरं कोण?"

"अस्सं," वहिनी म्हणाली आणि खोकत खोकत बाहेर गेली. तिला सर्दी झालेली दिसतेय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

एल रोई. आज ह्या नावापाशी आलो.

एक मोलकरीण होती. मालकिणीने छळलं म्हणून पळाली, पोटुशी, रानात एका झऱ्यापाशी बसली. तिथे तिला देवदूताने विचारलं, कुठून आलीस, कुठे चाललीस? तोवर त्या घरात तिला कोणी असं विचारलं नव्हतं. तेव्हा तिने देवाला नाव दिलं, एल रोई. मला पाहणारा. मास्तर म्हणाले, सगळ्या ग्रंथात असं आपल्या तोंडाने देवाला नाव ठेवणारी ती पहिली, आणि ती ना राणी ना पुजारीण, दुसऱ्याच्या घरात राबणारी बाई.

मी ब्रश डब्यात तसाच ठेवला.  ते म्हणाले, "बाई, काय झालं?" मी म्हटलं, डोळ्यांत रंग गेला. तीस वर्षं मी पडद्यामागे बसतेय. दादा वाईट नाही, वहिनी तर सोन्यासारखी आहे, त्यांनी कधी काही कमी केलं नाही. पण कोणी मला विचारलेलं नाही, तू कुठे चाललीस. मलाही नव्हतं सुचलं.

नाव मात्र सुरेख उतरलं. सगळ्या भिंतीत तेच उत्तम आहे.

२ मार्च, सोमवार

दादाशी कडाक्याचं भांडण. तो प्रार्थनागृहात डोकावून गेला आणि घरी येऊन म्हणाला, "भिंत तर चार दिवसांपूर्वीच झालीय! तू तिथे करतेस काय?"

मी म्हटलं, अर्थांवर तिसरा हात बाकी आहे. शिवाय दोन नावं वाढली आहेत. एक निस्सी, म्हणजे माझं निशाण. दुसरं शालोम, शांती. गिदोन नावाच्या माणसाला देवदूत दिसला, आता मी मरतो म्हणून तो चळाचळा कापला, तेव्हा आवाज आला, 'भिऊ नकोस', मग त्याने वेदी बांधली आणि तिला हे नाव दिलं. मास्तरांना ही दोन अचानक आठवली. इतकी वर्षं शिकवताहेत आणि आधी आठवली नाहीत, वय झालं की असं होतं. आणि काल जो अर्थ पसंत केला तो आज नापसंत करतात. जरा चक्रमच आहेत. पण आपण गिऱ्हाइकाचं ऐकावं.

"तिसरा हात!" दादा म्हणाला. "आजवर एका पाटीला तू दुसरा हात मारला नाहीस!"

त्याला कलेतलं काय कळतंय डोंबलाचं.

७ मार्च, शनिवार

काम नाही. डॉक्टरांकडे गेले. भूक नाही, छातीत धडधड, उगाच हसू येतं आणि संध्याकाळी उगाच रडू. त्यांनी पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली, सगळं ठणठणीत म्हणाले. तारपिनाचं सांगितलं तर म्हणाले, कधी जास्त होतं? मी म्हटलं, प्रार्थनागृहात, आणि मास्तर नसले की बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटतं. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. औषधसुद्धा दिलं नाही. पूर्वीचे डॉक्टर राहिले नाहीत.

मास्तरांच्या मुलीचा काल फोन आला होता. सामान बांधलं का, विचारत होती. बापाच्या मागे इतकं काय लागायचं ते! सतराला येणारच आहेत ना? सतराला. आज सात. माझी बोटं मोजायला लागली तर मी हात खिशात घातला.

१२ मार्च, गुरुवार

भिंत झाली.

अर्थ ठरायचा शेवटचा उरला होता तो शम्माचा. एका नगराला दिलेलं नाव, सगळं उद्‌ध्वस्त झाल्यावर पुढे जे उभं राहील त्या नगराला. अर्थ: तो तिथे आहे. ह्या अर्थावर मास्तरांना हरकत काढता येईना. मलाही काढता येईना. दोघं बघत उभे राहिलो. मग मी ब्रश धुतले. एकेक ब्रश तीन तीनदा धुतला. धुवायला ब्रश उरले नाहीत.

ते म्हणाले, "जाण्याआधी तुमच्या घरातल्या नावांचा निकाल लावायला हवा. उद्या सकाळी येतो." मी मान हलवली. घरी येताना बेकरीवाल्याने ब्रशबाई म्हटलं, आज मी तशीच पुढे गेले.

१३ मार्च, शुक्रवार

हे सगळं नीट लिहायचंय. घाईत अक्षर वाईट येईल, येऊ दे.

मास्तर नऊला आले. शर्ट इस्त्रीचा, बटणं सगळी जागच्या जागी. म्हणाले, ग्रंथ पाहिले, आणि खूप जाणत्यांचा कौल असा दिसतो: ज्याने लिहिताना काय लिहितोय ते जाणलं नाही, मनात धरलं नाही, त्याच्या हातून फक्त रेघा उमटल्या. त्या पुसायला हरकत नाही. जे जाणून, मनात धरून लिहिलं, ते मात्र नाव. ते पुसायचं नाही.

दादा ह्यावर इतका खूश झाला की त्याने स्वतः चहा टाकला.

मग चौकशी सुरू झाली. मास्तर फ्रीजपुढे उभे राहिले. "हे लिहिताना अर्थ माहीत होता?"

"नाही. दार गुळगुळीत होतं म्हणून नुसता ब्रश घसरवत होते."

"पुसा," मास्तर म्हणाले. वहिनी फडकं घेऊन तयारच होती. शद्दाय एका फटक्यात गेला. मग न्हाणीघर. मनात धरलं होतं? उंचीचा अंदाज घेत होते फक्त. पुसा! टॉवेल निघाला आणि महिन्याने न्हाणीघरात ऊन आलं. मडगार्ड तर दादाने उत्तर यायच्या आतच पुसलं. मास्तरांनी कागदावर खुणा केल्या, पेन खिशाला लावलं, आणि म्हणाले, "संपलं तर मग."

"संपलं," मी म्हटलं.

"आणि कपाटाच्या दाराचं काय?" वहिनी म्हणाली.

वहिनी! घरचा भेदी!

इथे आजवर लिहिलं नाही. डायरीलाही सांगितलं नाही. चोवीस तारखेला घरी आले, माझं कपडे ठेवायचं कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला एल रोई लिहिलं. गडद निळ्यात, सोनेरी कडा देऊन. रोज कपडे काढताना बघते. वहिनी धुतलेले कपडे ठेवायला कपाट उघडते हे मी विसरले. ताकाला जाऊन भांडं लपवायला गेले आणि भांडं बारा गावांना दिसत होतं.

मास्तर माझ्या खोलीत आले. कपाट उघडलं. बराच वेळ बघत राहिले.

"हे लिहिताना अर्थ माहीत होता?"

"हो."

"थांबला होतात?"

"हो."

"मनात धरलं होतं?"

"हो." मग माझा तोल गेला. "मला पाहणारा. एवढंच धरलं होतं. देवाचंच नाव लिहिलं, खरंच सांगते, पण लिहिताना डोळ्यांपुढे तुम्ही होतात आणि तुमच्या दाढीला खडू लागलेला होता. ह्याला काय म्हणतात ते तुमच्या ग्रंथात बघा आणि मला सांगा. मला पाप लागलं असेल तर लागू दे. पंधरा दिवस मी झालेल्या भिंतीवर हात मारतेय. मला तुम्ही जायला नको आहात!"

हे मी बोलले. दादा आणि वहिनी दारात उभे असताना. बोलेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

मास्तरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "मीही तुम्हाला दोन जास्तीची नावं काढून दिली," ते म्हणाले. "तशी अजून पंधरावीस काढली असती. शेवटी लाज वाटली."

आणि मग त्या माणसाने काय करावं? पुन्हा कपाटाकडे वळून मास्तरकी सुरू! "पण हे जाणून लिहिलंय. पुसता येणार नाही. दार कापून आमच्याकडच्या खोलीत ठेवावं लागेल."

"चांगलं सागवानी कपाट आहे, कापताय कशाला?" वहिनी म्हणाली. "अख्खंच न्या की."

दादा म्हणाला, "अगं, आत हिचे कपडे आहेत."

"असू देत."

"असू देत काय? कपडे तिकडे गेले तर ही इकडे घालणार काय?"

वहिनीने कपाळावर हात मारला. "अहो, तेच तर!"

दादाला कळायला पूर्ण एक मिनिट लागलं. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी कान लाल झाले, मग नाक, मग तो भिंतीला टेकला आणि गदागदा हसायला लागला. इतकं की चहा उतू गेला आणि कोणी उठलं नाही.

मास्तर म्हणाले, "पण माझं मंगळवारचं तिकीट..."

"तिकिटावर कुठे देवाचं नाव लिहिलंय?" वहिनी म्हणाली. "ते रद्द करता येतं."

१५ मार्च, रविवार

उद्घाटन झालं. माणसं भिंतीपुढे थांबून थांबून वाचत होती. तिकीट रद्द केल्याचं मुलीलाही कळवलंय, ती फोनवर म्हणाली, "बाबा, तरीच तुम्ही रोज रंगाबद्दल बोलत होतात." चांगली मुलगी आहे. मी उगाच तिच्यावर चिडले होते.

एका म्हातारीने विचारलं, हे कोणी लिहिलं? मास्तरांनी माझं नाव सांगितलं. आत्या नाही, पेंटरबाई नाही, माझं स्वतःचं नाव, भरल्या सभागृहात, मोठ्याने. माझे कान तापले. एल रोईखाली शेवटी 'मला पाहणारा' हाच अर्थ राहिला. शद्दायखाली 'पुरे म्हणणारा'.

१७ मार्च, मंगळवार

कपाट हातगाडीवरून गेलं. पुढे दादा दोरी धरून, मागे वहिनी "सावकाश, सावकाश" करत, आणि बाजूला मी, दार उघडू नये म्हणून हात लावून. बेकरीवाला बाहेर येऊन बघत राहिला. मी त्याला सांगितलं, आम्ही घर बदलतोय, मी आणि कपाट.

मास्तरांच्या त्या खोलीत भिंतीशी फाटक्या पुस्तकांच्या पिशव्या रचून ठेवल्यात, त्यांच्याशेजारी कपाट बसलं. दादा आणि वहिनी निघून गेल्यावर मी ते सगळं बघितलं आणि जरा घाबरले. म्हटलं, "इथे जे येतं ते शेवटी पुरायचंच असतं ना? मग माझं काय?"

"आधी वापरून वापरून पार जीर्ण व्हावं लागतं," ते म्हणाले. "निदान वीसेक वर्षं तरी जातील. मला पण अजून बरंच झिजायचंय."

मी बरं म्हटलं आणि त्यांच्या शर्टाचं बटण नीट लावलं. आज पुन्हा भलत्याच काजात होतं.